पार्टिशनच्या फील्डचं नाव

तातेराव गुरुजींनी चोरून काही ऐकलं नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सगळं उघड झाल्यावर पुढं चार दिवस घरात याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं. ते आपल्या घरात, आपल्या खुर्चीवर, आपला चष्मा पुसत बसले होते. आतल्या खोलीचं दार सुनेनं अर्धवट लावलं होतं. अर्धवट लावलेल्या दारातून जे बाहेर येतं त्याला ऐकणारा जबाबदार नसतो, असं त्यांचं मत होतं.

सून, म्हणजे सुमेधा, जालन्यात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. ते काम काय आहे हे तिनं सासऱ्यांना दोन वर्षांत तीनदा समजावून सांगितलं होतं. तिन्ही वेळा गुरुजींनी "बराबर" म्हणून मान हलवली होती आणि तिन्ही वेळा त्यांना काही कळलं नव्हतं. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला सुनेसमोर 'कळलं नाही' म्हणणं जड जातं. तर त्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला सुमेधा फोनवर कुणाला तरी सांगत होती:

"नाही ना, पार्टिशनचं फील्ड सापडतच नाही. मला नाव दिसतंय, पण ते म्हणतंय टेबलात नाहीच."

गुरुजींचा चष्मा पुसणारा हात थांबला.

"नावातच काहीतरी घोळ आहे," सुमेधा पुढं म्हणाली. "पेरेंटचं काय, तो रिकामाच राहणार. सगळं चाइल्डच्या नावावर जातं. पण तू पेरेंटला आत्ता हात लावू नको. आणि हे बघ, सोमवारच्या आत झालंच पाहिजे."

आता, तातेराव गुरुजींनी बत्तीस वर्षं पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवलेलं. पार्टिशन म्हणजे वाटणी. फील्ड म्हणजे शेत. पेरेंट म्हणजे पालक, चाइल्ड म्हणजे अपत्य. हे शब्दार्थ त्यांनी पिढ्यानपिढ्या पोरांकडून पाच-पाच वेळा लिहून घेतले होते. त्यात चुकायला जागाच नव्हती. वाटणीचं शेत. नावात घोळ. पालक रिकामा. सगळं अपत्याच्या नावावर. आणि सोमवारच्या आत. राहिला 'टेबलात नाही' हा मुद्दा, तर तोही सोपा होता. कागद तलाठ्याच्या टेबलात नाही, म्हणजे कुणीतरी आधीच काढून नेला होता.

शेत होतं साडेचार एकर. केदारखेड्याच्या अलीकडं फाट्यावरून आत गेलं की गुरुजींचं गाव, आणि गावाच्या उत्तरेला हे शेत. त्यात दोन एकर मोसंबी. आणि गुरुजींना एकदम आठवलं की सोमवारीच राजानंदनं, त्यांच्या एकुलत्या एक मुलानं, जेवता जेवता सहज विचारलं होतं, "बाबा, सातबारा कुठं ठेवलाय? आधारचा पण फोटो पाहिजे, शेतकरी ओळखपत्र काढून टाकू तुमचं." त्या वेळी त्यांना हे पोराचं प्रेम वाटलं होतं. आता त्यातला 'सहज' त्यांना टोचायला लागला.

त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन गिरिजाबाईंना हळू आवाजात सगळं सांगितलं. गिरिजाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी थापणं थांबवलं नाही.

"मंग इचारा की सुमेधाला सरळ," त्या म्हणाल्या.

"ज्याच्यावर संशय, त्यालाच इचारायचं?"

"मंग मला कशाला सांगून राह्यले?"

गुरुजी तडक अंगणात गेले. तिथं भिंतीपलीकडं शेजारचे काकासाहेब झाडांना पाणी घालत होते. काकासाहेबांनी सख्ख्या भावाशी बांधावरून एकोणीस वर्षं कोर्टात दावा चालवला होता. त्यात बांध गेला, पण ज्ञान आलं. आता जमिनीचं नाव काढलं की त्यांच्या हातातला पाइप आपोआप खाली यायचा. आजही आला.

"जयभीम गुरुजी. चेहरा का असा?"

गुरुजींनी नावं न घेता हकीकत सांगितली. एका ओळखीच्या माणसाची सून आहे, ती फोनवर असं असं बोलली. काकासाहेबांनी डोळे बारीक केले. ओळखीचा माणूस कोण हे त्यांना दुसऱ्याच वाक्याला कळलं होतं.

"इंग्रजीत बोलली?"

"शब्द इंग्रजी."

"मंग मामला पक्का हाये. घरातलं बोलनं मराठीत, वकिलाचं इंग्रजीत. माझा भाऊ बी असंच करायचा." मग त्यांनी पाइप पूर्णच टाकून दिला. पाणी त्यांच्याच चपलेवरून वाहायला लागलं. "त्या ओळखीच्या माणसाला सांगा, पहिलं काम, आजच्या आज ताजा सातबारा काढ. गडबड असली ना, तर नावातच असती. बाकी सगळं जल्दी बदलत न्हाई, नाव बदलतं."

गुरुजी ताबडतोब चौकातल्या सेवा केंद्रावर गेले. तिथं बसणारी तृप्ती नावाची मुलगी त्यांना ओळखत होती. तिनं गट नंबर टाकला, यंत्रानं कुरकुर केली आणि कागद बाहेर आला. गुरुजींनी तो तिथंच उभ्या उभ्या वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

खातेदाराचं नाव: ताताराव.

"बाई, हे कोन?"

"तुम्हीच ना काका."

"मी तातेराव. हा ताताराव हाये."

"एका मात्रेचा तर फरक आहे काका."

"त्या मात्रेसकट मी आयुष्यभर सही केली, बाई. ती गेली कुठं?"

तृप्तीनं पुन्हा पडद्याकडं पाहिलं. "मी फक्त प्रिंट देते काका. वर जे आहे तेच निघतं. नाव भरताना कम्प्युटरवर झालं असेल काहीतरी."

कम्प्युटरवर! गुरुजींच्या डोक्यात एकदम लखलखाट झाला. घरात दिवसभर कम्प्युटरवर नावांचा घोळ घालत बसणारं माणूस कोण? ते कागद घडी करून खिशात ठेवून घरी आले आणि सुनेनं "मामा, चहा ठेवू?" असं विचारल्यावर "नको" म्हणाले. तातेराव गुरुजींनी चहाला नको म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. सुमेधानं आश्चर्यानं पाहिलं, पण तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती आत पळाली. तिचे डोळे लाल दिसत होते. अपराधी माणसाला झोप लागत नाही, अशी गुरुजींनी मनातल्या मनात नोंद केली.

शुक्रवारी सकाळी ते भोकरदनच्या एसटीत बसले. घरी सांगितलं की एका जुन्या शिक्षकाला भेटायला चाललो. फाट्यावर उतरून, तीन किलोमीटर उन्हात चालून ते गावातल्या तलाठ्याच्या कार्यालयात पोचले. दारावरच्या पाटीवर आता तलाठी लिहिलेलं नव्हतं, ग्राम महसूल अधिकारी असं लांबलचक होतं. बाहेर बसलेले सगळे मात्र तलाठीच म्हणत होते. तिथंही नाव बदललंय, हे गुरुजींच्या नजरेतून सुटलं नाही.

तलाठी भाऊसाहेब बैठकीला गेले होते. दोन तासांनी आले. त्यांचं नाव मच्छिंद्र. गुरुजींना पाहताच ते उठून उभे राहिले, कारण सहावीला ते गुरुजींच्याच वर्गात होते. त्यांनी पाणी मागवलं, पंखा गुरुजींकडं वळवला, सातबारा हातात घेतला, वाचला आणि परत खुर्चीत बसले. बसल्यावर त्यांचा सूर बदलला.

"नाव दुरुस्तीचा अर्ज करा गुरुजी. आणि तातेराव अन् ताताराव हे एकच माणूस असल्याचं शपथपत्र."

"एकच माणूस म्हंजी? ताताराव नावाचा माणूसच न्हाई."

"कागदावर हाये ना. तुम्हीच कागदावर न्हाईत."

"मी तुमच्या समोर उभा हाये, मच्छिंद्र!"

"उभं राहिल्यानं होत न्हाई गुरुजी."

"मी तुला सहावीला शिकवलं!"

"ते बराबर. मी कुठं न्हाई म्हनतो? पन शिकवलं तातेरावांनी. जमीन ताताराव यांची."

गुरुजींनी पिशवी टेबलावर आपटली. रागावले की ते प्रमाण मराठीत बोलत. "ठीक आहे," ते म्हणाले. "मला वाटणीस हरकत घ्यायची आहे."

"वाटणीचा अर्ज आलेला न्हाई."

"येणार आहे. सोमवारच्या आत."

"मंग आल्यावर हरकत घ्या."

"आल्यावर घेतली तर उपयोग काय?"

भाऊसाहेबांनी डोकं खाजवलं. गुरुजींना रिकाम्या हातानं परत पाठवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी एक कोरा कागद पुढं केला. "लिहून तर काढा. हरकतीचं कारण, वारसांची नावं, खाली सही."

गुरुजींनी तिथंच बसून, समास सोडून, सुवाच्य अक्षरात दीड पान अर्ज लिहिला. भाऊसाहेबांनी तो अदबीनं दोन्ही हातांत घेतला, वाचला आणि तितक्याच अदबीनं परत केला.

"घेता येत न्हाई गुरुजी."

"का?"

"अर्ज तातेरावांचा. जमीन ताताराव यांची. दुसऱ्याच्या जमिनीवर तुमची हरकत कशी लावू? आधी नाव दुरुस्त करा."

गुरुजी अर्ज पिशवीत टाकून बाहेर पडले. आपल्याच शेतावर हक्क सांगण्यासाठी आपण आपण आहोत हे सिद्ध करायचं, आणि तेही ज्याला आपण कर्तरी-कर्मणी शिकवलं त्याच्यासमोर. आणि आता बाहेरचे सगळे लोक त्यांच्याकडं बघत होते, कारण कार्यालयाला दार असलं तरी ते इथंही अर्धवटच होतं.

फाट्याकडं जाताना रस्त्यात रामप्रसाद भेटला. हा गुरुजींचं शेत बटईनं करायचा. बातमी त्याच्याकडं गुरुजींच्या आधी पोचली होती.

"गुरुजी, वाटनी होऊन राह्यली म्हनं?"

"कोन म्हनतं?"

"सगळेच. मला एवढंच सांगा, मोसंबी कोनाच्या हिश्शाला? म्हंजी उद्यापासून कोनाला इचारून पानी देऊ?"

"मलाच इचारून दे," गुरुजी म्हणाले, आणि मग त्यांना वाटलं की हे सांगताना आपला आवाज जरा बारीक आला.

रामप्रसादचं या उत्तरानं समाधान झालं नाही. त्यानं संध्याकाळच्या आत शहागडला फोन लावला. शहागडला गुरुजींची मुलगी, राजानंदची थोरली बहीण प्रियदर्शनी राहायची. ती नर्स होती, आणि दर वर्षी मोसंबीची गोणी तिच्याकडं पोचवायची ती रामप्रसादच. "ताई, तुमच्याकडची मोसंबी बंद होती का काय, तेवढं बघा," एवढंच तो म्हणाला. बाकीचं प्रियदर्शनीनं भरून घेतलं.

शनिवारचा दिवस गुरुजींनी पहारा देण्यात घालवला. राजानंद घरात शिरला की ते पेपर वर धरत आणि पेपरच्या कडेवरून बघत. राजानंद शहराबाहेरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, दमून यायचा आणि आल्या आल्या आतल्या खोलीत जाऊन सुमेधाशी हळू बोलायचा. "अजून नाही का सापडलं?" असं त्याचं वाक्य गुरुजींनी स्वच्छ ऐकलं. म्हणजे तोही सामील.

दुपारी कुरियरवाला आला. राजानंदच्या नावाचं पार्सल होतं. तो म्हणाला, "बाबा, इथं मोबाइलवर बोटानं सही करा." बोटानं सही! अंगठ्यापासून फारसं लांब नव्हतंच ते. गुरुजींनी त्याला दोन वेळा नाव, गाव आणि हेतू विचारला आणि पार्सलसकट परत पाठवून दिलं. संध्याकाळी राजानंदनं कपाळावर हात मारला. पार्सलमध्ये गुरुजींच्याच गुडघ्याचा पट्टा होता.

"बाबा, तुम्हाला झालंय काय? चहा न्हाई, बोलणं न्हाई. बरं न्हाई का वाटून राह्यलं?"

"मला काही झालेलं नाही. मला काय होणार, हे मात्र मी बघतो आहे," गुरुजी प्रमाण मराठीत म्हणाले. राजानंदनं आईकडं पाहिलं. आईनं वर पंख्याकडं पाहिलं.

रविवारी सकाळी दहा वाजता प्रियदर्शनी रिक्षातून उतरली ती सरळ बैठकीत. पाठोपाठ, बोलावलेलं नसताना, काकासाहेब आले आणि पंचाच्या जागी, म्हणजे पंख्याखाली बसले. गुरुजींना वाटलं की याहून चांगली वेळ नाही. त्यांनी राजानंदला हाक मारली, सुमेधाला हाक मारली, चष्मा लावला आणि घसा साफ केला.

"या घरात माझ्या पाठीमागे शेताची वाटणी होत आहे," ते म्हणाले. "पालकास रिकामा ठेवून सर्व काही अपत्याच्या नावावर करण्याचा डाव आहे. सातबाऱ्यावरील माझे नाव आधीच बदलण्यात आले आहे. पुरावा माझ्याजवळ आहे." आणि त्यांनी सातबारा टेबलावर ठेवला.

सगळ्यांनी कागदाकडं पाहिलं. मग प्रियदर्शनी भावाकडं वळली. "खरं का रे? मला तर रामप्रसादकडून कळावं लागलं."

"कसली वाटणी? कुणी केली?" राजानंद उठूनच उभा राहिला. "बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

"मी माझ्या कानांनी ऐकलं. सुमेधा स्वतः बोलत होती. पार्टिशनचं फील्ड सापडत नाही. पेरेंट रिकामा राहणार. सोमवारच्या आत झालंच पाहिजे."

काकासाहेबांनी मान हलवून साक्ष दिली, जशी काही ते दाराआड होते.

सुमेधानं सातबारा उचलून पाहिला.  आणि नेमका त्याच वेळी तिच्या हातातला फोन वाजला. तिनं घाईत उचलला तो आवाज मोठ्यानंच लागला. पलीकडून एक वैतागलेला पुरुष बोलला, "सुमेधा, पार्टिशनचं फील्ड मिळालं का? उद्या सकाळी नऊला दुकानं पिशव्यांचं स्कॅनिंग सुरू करणारेत. शेवटचा हात तुझा लागला होता, एवढं लक्षात ठेव."

"बघतेय सर," एवढं म्हणून तिनं फोन बंद केला.

"ऐकलं?" गुरुजी म्हणाले. "सर म्हणजे वकील."

इथं प्रियदर्शनीला हसू फुटलं. ती नर्स असल्यामुळं तिला कम्प्युटरवर रोज नोंदी भराव्या लागायच्या आणि फील्ड म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. ती हसत हसत खाली बसली, मग राजानंदला हसू आलं, मग गिरिजाबाई कारण न कळताच हसायला लागल्या. गुरुजी मध्ये उभे होते. भर वर्गात पायजम्याची नाडी लोंबतेय असं कळल्यावर माणूस जसा उभा राहतो, तसे.

फक्त सुमेधा हसत नव्हती. ती खाली बघून बोलायला लागली. "मामा, बियाण्याच्या एका कंपनीच्या पिशव्यांची नोंद आहे. एक मोठं रजिस्टर समजा. कोटभर ओळी झाल्या, काही शोधायचं तर तासन्‌तास लागतात. म्हणून त्याच्या हंगामाप्रमाणं वेगळ्या वह्या करायच्या. खरीप, रब्बी, उन्हाळी. वरचं रजिस्टर नावापुरतं, त्याला पेरेंट म्हणतात. खऱ्या नोंदी खालच्या वह्यांत, त्या चाइल्ड. आणि कोणती नोंद कोणत्या वहीत टाकायची हे ज्या रकान्यावरून ठरतं, ते पार्टिशनचं फील्ड."

"रकान्याला कॉलम म्हणतात," गुरुजी म्हणाले. कुठंतरी बरोबर असणं त्यांना फार गरजेचं होतं.

"कॉलम पण म्हणतात, फील्ड पण म्हणतात."

"एका वस्तूला दोन नावं. म्हणूनच गोंधळ होतो."

"गोंधळ वेगळाच आहे मामा." आता तिनं मान वर केली. "रकान्याचं नाव हंगाम. इंग्रजी अक्षरांत लिहिलंय. मी सांगते, हंगाम या रकान्यावरून वह्या पाड. ते म्हणतं, हंगाम नावाचा रकानाच नाही. मी यादी काढून बघते, तर समोर दिसतोय, हंगाम! तीन दिवस झाले. मला तर वाटायला लागलंय की ऑफिसातलंच कुणीतरी मुद्दाम बदलून ठेवतंय. आणि साहेबांना वाटतं, माझ्याच हातून बिघडलं. उद्या सकाळी चाललं नाही तर मला या कामावरून काढणार."

नाव आहे, समोर दिसतंय, आणि सरकार म्हणतं तुम्ही कागदावर नाही. गुरुजींना हा अनुभव दोनच दिवसांपूर्वीचा होता. ते हळूच म्हणाले, "दाखव."

"काय?"

"ते रजिस्टर. पन यादी नको. यादी म्हंजी नक्कल. नक्कल मी मानत न्हाई. मूळ कागद दाखव, ज्याच्यावरून रकाने आखले तो."

राजानंद म्हणाला, "बाबा, तुम्हाला काय कळणार त्यातलं?" पण सुमेधानं लॅपटॉप आणला. तीन दिवस तिचं कुणी ऐकून घेतलं नव्हतं, आणि हा म्हातारा निदान बघतो तरी म्हणत होता. टेबल, म्हणजे ते रजिस्टर, बनवताना वापरलेली मूळ फाइल तिनं उघडली. रकान्यांची चौसष्ट नावं, एकाखाली एक, प्रत्येक नाव दुहेरी अवतरणचिन्हांत. गुरुजींनी अक्षर मोठं करायला लावलं, खिशातला पेन काढला आणि टोपणाच्या टोकानं एकेक ओळ खाली सरकत चालले, शुद्धलेखन तपासल्यासारखे. प्रत्येक ओळीकडं ते अशा नजरेनं बघत होते जणू ती कॉपी करून आली आहे. काकासाहेब मागून वाकून बघत होते आणि अधूनमधून "हं" म्हणत होते.

एकेचाळिसाव्या ओळीवर टोपण थांबलं.

"हे चिन्ह लांब का बसलंय?"

"कोणतं?"

"शेवटचं अवतरणचिन्ह. वर बघ, सगळ्या शब्दांना चिकटून हाये. इथंच मधी जागा सोडली. पोरं अशी सोडायची. मी अर्धा मार्क कापायचो."

सुमेधानं लॅपटॉप जवळ ओढला. तिनं कर्सरची खूण त्या नावाच्या शेवटी नेली आणि बाणाची कळ एकदा दाबली. खूण अवतरणचिन्हापुढं जायला हवी होती. ती रिकाम्या जागेवर जाऊन थांबली.

"स्पेस आहे," ती पुटपुटली. "मामा, नावात स्पेस आहे! कंपनीनं पाठवलेल्या एक्सेलच्या मथळ्यात कुणीतरी हंगाम लिहून पुढं स्पेस दाबली. आपल्याला ती दिसत नाही, यंत्राला ते सातवं अक्षरच. म्हणजे हंगाम वेगळा आणि हंगाम-स्पेस वेगळा!"

"तातेराव अन् ताताराव," गुरुजी म्हणाले.

तिनं रकान्याचं नाव दुरुस्त केलं आणि आज्ञा परत चालवली. सगळ्यांनी पडद्याकडं माना वळवल्या. पडद्यावर पुन्हा लाल अक्षरं आली.

"न्हाई झालं?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"झालं! हा त्याच आज्ञेतला दुसरा रकाना आहे. हंगामाची तक्रार नाही आता!" सुमेधा जवळजवळ ओरडली. गुरुजींनी तोवर टोपण खाली सरकवलंच होतं. 'वाण' नावाच्या रकान्यापुढं त्यांना आणखी एक जागा सापडली आणि बावन्नाव्या ओळीवर तिसरी. तिन्ही दुरुस्त झाल्यावर लाल अक्षरं गेली. सुमेधानं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "पण ही एक्सेल तर मीच तपासली होती." सुमेधा म्हणाली, "हो सर. माझ्या सासऱ्यांनी परत तपासली." गुरुजींनी कान दिला नाही असं दाखवत चष्मा पुसला.

सातबाऱ्याचं म्हणाल तर ती नुसती टायपिंगची चूक होती, आणि ओळखपत्रासाठी कागद बघताना ती राजानंदच्याही लक्षात आली होती. सोमवारी बाबांना घेऊन गावाकडं जावं असं त्यानं ठरवलं होतं. "मग सांगितलं का नाही?" या प्रश्नावर तो म्हणाला, "सांगायला गेलो की तुम्ही पेपर वर धरत होते." काकासाहेबांनी एवढ्यावर प्रकरण मिटलं हे मान्य केलं नाही. "तरी बी शपथपत्र पक्कं करून घ्या," असं बजावून, चहा पिऊन, थोडे निराश होऊन ते घरी गेले.

मग चेष्टा सुरू झाली. प्रियदर्शनीला पिशवीत शुक्रवारचा हरकत अर्ज सापडला आणि ती तो हेडमास्तरांच्याच आवाजात मोठ्यानं वाचायला लागली. "'मी, खाली सही करणार, पूर्ण शुद्धीत...'" राजानंद पोट धरून हसत होता. सुमेधासुद्धा, तीन दिवसांत पहिल्यांदा. "'माझ्या वृद्धत्वाचा गैरफायदा घेऊन, परकीय भाषेच्या आडून...'" गुरुजींनी अर्ज परत घ्यायला हात पुढं केला, पण ती उठून लांब जाऊन वाचत राहिली. "'माझे कायदेशीर वारस. एक: मुलगा, राजानंद.'"

ती थांबली. पान उलटून पाहिलं. मागं फक्त सही होती.

"बाबा," ती म्हणाली, "यादी इथंच संपली?"

राजानंदनं पोटावरचा हात काढला. 

"घाईत लिहिला," गुरुजी म्हणाले.

"समास सोडलाय की. घाईत समास कोण सोडतं?" ती रागावलेली नव्हती. तेच अवघड होतं. "मला जमीन मागायची न्हाई बाबा. पण मी एवढ्या लांबून भांडायला आले, भाऊ माझं नाव काढून टाकतो का ते बघायला. अन् त्यानं काढलंच न्हाई. मुळात लिहिलेलंच न्हाई तर काढणार काय?"

गिरिजाबाई लेकीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. राजानंद जमिनीकडं बघत होता. गुरुजी चार दिवस घरातल्या प्रत्येक माणसावर नजर ठेवून होते. मुलगा, सून, तलाठी, कुरियरवाला, अवतरणचिन्हं. या एका माणसाच्या हस्ताक्षराकडं मात्र त्यांनी संशयानं पाहिलंच नव्हतं.

त्यांनी मुलीच्या हातातून अर्ज घेतला, फाडला, आणि वहीतलं कोरं पान काढलं. टेबलाशी बसले. आता वाटणीही नव्हती आणि हरकतही नव्हती, पण तरी त्यांनी वर मधोमध 'वारसांची यादी' असं लिहिलं. खाली 'एक' लिहिलं. मग 'मुलगी' लिहिलं, आणि पेन थांबला.

"प्रियदर्शिनी," ते हळू म्हणाले. "शुद्ध रूप प्रियदर्शिनी. तुझ्या कागदांवर र्श ला इकार हाये, का न्हाई?"

"न्हाई."

"मंग चुकलंय ते. कोनी लिहिलं?"

"तुम्हीच. पहिलीत नाव घालताना, तुमच्याच शाळेच्या रजिस्टरात." आता ती जरा हसली. "तेच पुढं दाखल्यावर आलं, आधारवर आलं, नोकरीत आलं. मी तशीच राह्यले."

गुरुजी परत कागदावर वाकले. त्यांनी तिचं नाव लिहिलं, इकार न देता, जसं ती आजवर सगळीकडं लिहीत आली होती तसं. दोन नंबरला राजानंदचं लिहिलं आणि तीनला गिरिजाबाईंचं. मग कागद उचलून मुलीपुढं धरला.

"बघ," ते म्हणाले. "बराबर हाये का?"